वरचं खाचर, खालचं खाचर

माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी दोघी गळ्यात गळे घालून रडतील अशी आशा कुणी धरायला नको. वाटणी झाल्यापासून आम्ही बोलत नाही. कारण विचारलं तर ती तिचं सांगेल, मी माझं सांगेन, आणि ऐकणाऱ्याचा दिवस फुकट जाईल. माझ्या मुलीच्या हळदीला ती आली नाही, हे मी धरून ठेवलंय. आवतण द्यायला मी स्वतः गेले नाही, नवऱ्याला पाठवलं, हे तिने धरून ठेवलंय. तिचं घर माझ्या घराच्या पाठीलाच आहे. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. एवढ्या जवळच्या बाईला वेगळं आवतण कशाला हवं होतं, ते मला कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून आहे. सकाळी मी अंगणवाडी चालवते, दुपारनंतर शेत बघते. नवरा आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला आहे. रविवारी घरी येतो, जेवतो आणि झोपतो. दीर गावातच असतात, पण ते बांधावर बसून तंबाखू मळण्यात तरबेज. त्यामुळे दोन्ही घरचं भात खरं म्हणजे आम्ही दोघी बायकाच पिकवतो, तोंडं दोन दिशांना करून.

आमची खाचरं उतारावर आहेत. उताराला बांध घालून सपाट केलेला तुकडा म्हणजे खाचर. त्यात पाणी साठतं आणि त्या पाण्यात भात उभं राहतं. वरचं खाचर जावेचं, त्याला लागून खालचं माझं. वर एक झरा आहे. त्याचं पाणी आधी तिच्याकडे येतं. तिचं भरलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून माझ्याकडे उतरतं, आणि माझं भरलं की ओढ्याला जातं. वाटणीत पाण्याच्या डोक्याशी ते आणि पायाशी आम्ही असं का झालं, यावरही मी दिवसभर बोलू शकते. मात्र वरची जमीन मुरमाड आहे, पाणी धरत नाही. माझी चिकण आहे. ती एकदा भरली की पाणी तिथेच बसून राहतं.

या पाण्याची एक रीत आहे आणि ती आमच्या भांडणापेक्षा जुनी आहे. वरच्याला पाणी सोडायचं असेल तर त्याने खालच्याला हाळी द्यायची. मोठ्याने ओरडून सांगायचं, आणि खालून होकार आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कारण खालच्याने खत टाकलेलं असतं, रोपं नुकती लावलेली असतात, नाहीतर बांध कच्चा असतो. भाऊबंदकी तहसीलपर्यंत गेलेली असली तरी हाळी कुणी चुकवत नाही. त्यामुळे माझी जाऊ वर्षभरात माझ्याशी बोलायची ती एवढंच. “पाणी सोडतीयाऽऽ!” आणि मी खालून म्हणायची, “हूंऽऽ!” पूर्ण ‘हो’ म्हणायलासुद्धा माझ्या जिवावर यायचं.

अशात भातावर प्रयोग करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचे साहेब आले.

समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब वयाने फार नव्हते, बोलायला गोड होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. त्यांनी सांगितलं की भात पाण्यात उभं असतं तेव्हा खालच्या चिखलाला हवा मिळत नाही. चिखलातला पालापाचोळा, जुनी मुळं आतल्या आत कुजतात, त्यातून एक वायू निघतो, आणि तो वर जाऊन जगाचं तापमान वाढवतो. हे बुडबुडे मला नवीन नव्हते. खाचरात पाय रोवला की पोटरीला गुदगुल्या करत ते वर येतात आणि त्यांना वास असतो. पण जग तापवणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव आहे हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला सणकून राग आला. माझ्या घरी एक पंखा आहे, तोही दिवसातले निम्मे तास वीज नसल्यामुळे शांत असतो. आणि हा माणूस जुन्नरहून गाडीत बसून येतो आणि मला सांगतो की बाई, तुमचा चिखल जगाला तापवतो.

मी उठून उभी राहिले. “साहेब, तुमची गाडी भाएर चालूच हाय. ती आदी बंद करा, मंग आमच्या चिखलाचं बगू.”

लोक हसले. ड्रायव्हर गार हवेसाठी गाडी चालू ठेवून आत झोपला होता. साहेबांनी माणूस पाठवून ती बंद करायला लावली, मला “बरोबर बोललात ताई” म्हणाले, आणि पुढे बोलायला लागले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांची युक्ती अशी होती. खाचरात सतत पाणी ठेवायचं नाही. भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी चिखलात रोवायची आणि तिच्यात डोकावून बघायचं. पाणी जमिनीखाली वीतभर उतरेपर्यंत खाचर सुकू द्यायचं, मग परत भरायचं, परत सुकवायचं. मुळांना हवा मिळते, वायू कमी होतो, आणि भात तेवढंच येतं, उलट बरं येतं. फक्त भात निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाणी अजिबात तोडायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी त्यांच्यावर कितीही चिडलेली असले तरी खोटं बोलणार नाही.

साहेब आधी महाळुंगे पडवळकडच्या बागायतदारांत काम करून आले होते. तिकडे कॉक फिरवला की पाणी येतं आणि परत फिरवला की थांबतं. आमच्याकडे कॉक म्हणजे बांधातलं भगदाड, त्यात दाबलेला चिखलाचा गोळा, आणि त्याच्या खाली उभा असलेला शेजारी. हे त्यांच्या नळीत कुठे दिसणार होतं?

कोण तयार आहे, असं विचारल्यावर पहिला हात माझ्या जावेचा वर गेला. मी गाडीवरून बोलले नसते तर तो गेला नसता, याची मला आजही खात्री आहे. मग साहेब म्हणाले, एक खाचर जुन्या पद्धतीचं पण लागेल, शेजारचंच असलं तर उत्तम, तुलनेसाठी. रविवार असल्यामुळे माझा नवरा तिथे होता. त्याने मान हलवली. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याची मान हलवून झाली होती. अशा रीतीने माझी जाऊ सुधारलेली शेतकरी झाली आणि मी तुलना झाले.

आवणी झाली, म्हणजे रोपं लावून झाली. वर नळी रोवली गेली. साहेबांची माणसं वायू मोजायला अधूनमधून येऊन दोन्ही खाचरांत भातावर काचेसारखी पेटी पालथी घालत आणि सुईने आतली हवा ओढून घेत. माझ्या अंगणवाडीतल्या पोरांना लस टोचतात तशी. जावेच्या मोबाईलवर पाणी कधी तोडायचं याचा निरोप यायचा. तो तिला वाचता येत नाही, दीर वाचून दाखवायचे. मला वाटतं, लग्न झाल्यापासून ते तिच्याशी इतकं कधी बोलले नसतील.

श्रावणात एके दिवशी मी सकाळी लवकर खाचरात युरिया टाकला आणि अंगणवाडीत गेले. दुपारी परत आले तर बांधावरून पाणी घरंगळत होतं आणि माझं खत ओढ्याला लागलं होतं. वरून सगळं पाणी माझ्यात सोडलेलं. मी तशीच वर चढले. जाऊ खाचराच्या कडेला तण उपटत होती.

“हाळी का न्हाई दिली?” मी विचारलं. इतक्या वर्षांत मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“दिली की.”

“मी अंगणवाडीत व्हते. हूं आलं व्हतं का?”

“न्हाई आलं.” ती उपटायचं थांबली नाही. “मोबाईलवर आजचाच दिस व्हता. मी काय करू?”

हूं आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे या उतारावर शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे. भांडण करून, तोंड फिरवून, एकमेकींच्या दारावरून मान वळवून जात आम्ही दोघींनी ती एक गोष्ट पाळली होती. आणि आता मोबाईल म्हणाला म्हणून ती मोडली. माझं खत गेलं याच्यापेक्षा मला याचा राग जास्त आला. खत काय, परत आणता येतं.

पुढच्या वेळेला मी वाट बघत बसले नाही. तिचं खाचर सुकवायचा दिवस जवळ आला तेव्हा मी खालच्या बाजूने तिच्या बांधाच्या तोंडात दगड बसवला आणि वरून चिकणमाती थापून ते बुजवून टाकलं. माझी माती आहेच तशी, एकदा बसली की घणाने फोडावी लागते. तिने वरून कितीही खटपट केली तरी पाणी हलेना. नेमके त्याच दिवशी साहेब पेटी घेऊन आले. नळीत बघतात तर काठोकाठ पाणी. जाऊ फावडं घेऊन खाली आली, मी बांधावर उभीच होते, आणि मग जे झालं ते समोरच्या डोंगरावरच्या गुराख्यांनीसुद्धा ऐकलं.

“माझ्या बांधाला हात लावलास?”

“तुमी माझ्या खताला लावला तवा?”

“तुझं खत म्हंजी काय सोनं व्हतं?”

“तुझं पाणी म्हंजी काय गंगा हाय?” मी म्हणाले. थोरल्या जावेला ‘तू’ म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. ती क्षणभर गप्प झाली, मी पण झाले.

त्या फटीत साहेब शिरले. “ताई, दोघींनी मिळून एक वेळापत्रक केलं तर...”

“पावणं, तुमी गप ऱ्हावा!” जाऊ म्हणाली.

“तुमच्यामुळंच झालंय समदं!” मी म्हणाले.

दोघी एकाच वेळी बोललो, एकाच माणसावर. साहेब पेटी छातीशी धरून दोन पावलं मागे गेले आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांच्या पायांभोवती बुडबुडे आले. मी हसले नाही, कारण जाऊ हसत होती.

शेवटी असं ठरलं की निरोप मलाही येईल. म्हणजे आता वरच्या बांधातून माझ्या खाचरात येणाऱ्या पाण्याची हाळी मला पुण्याहून मोबाईलवर येणार होती. मी दगड काढून घेतला.

एक गोष्ट मी त्या दिवसांत कुणाला बोलून दाखवली नाही. वरचं भात चांगलं दिसत होतं. फुटवा माझ्यापेक्षा जास्त, पानं उभी, रंग गडद. एकदा जाऊ घरी नसताना मी एक रोप हाताने हलवून बघितलं तर ते जागचं हललं नाही, इतकी मुळं खाली गेली होती. साहेबांची युक्ती खोटी नव्हती. खोटी असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मग गणपती गेले आणि पाऊसही गेला. दोन-चार दिवसांची उघडीप म्हणून आम्ही आधी लक्ष दिलं नाही. पण आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ राहिलं आणि ऊन चैत्रासारखं टोचायला लागलं. वरचं खाचर तेव्हा नेमकं सुकवायच्या पाळीत होतं. तिने आपलं पाणी मोबाईलप्रमाणे सोडून दिलेलं, ते माझ्यातून ओढ्याला गेलेलं. आता भरायची पाळी आली तर झऱ्याला मनगटाएवढी धार. ती सगळी तिच्याकडे जात होती आणि तिच्या मुरमात जिरत होती. माझ्याकडे थेंब उतरत नव्हता. आणि दोन्हीकडच्या भाताला पोटं आली होती. कणीस आत धरलं होतं, आता बाहेर पडणार होतं.

यापुढची गोष्ट ज्याने भात केलंय त्याला सांगायला नको. न केलेल्यांसाठी सांगते. निसवताना पाणी नसलं की लोंबी बाहेर येते, दिसायला छान असते, पण दाण्यात काही भरत नाही. नुसती टरफलं. त्याला आम्ही पोचट म्हणतो. आमच्या घरात वर्षाचा तांदूळ त्या एका खाचरातून येतो. तिच्या घरात त्या वरच्यातून. दुसरीकडे वरई, नाचणी होते, पण पोटाला रोज भात लागतो.

मी साहेबांना फोन लावला. रेंजसाठी देवळाच्या मागच्या खडकावर चढावं लागतं. साहेब म्हणाले, “ताई, आता पाणी तोडू नका, निसवण आहे.”

“मी कुटं तोडलंय? वरच्यानं तोडलंय.”

“जाऊबाईंनी?”

“देवानं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या खाचराला भेगा पडायला लागल्या. आधी केसाएवढ्या, मग बोट जाईल एवढ्या. अंगणवाडीत पोरं गाणी म्हणत असायची आणि माझा कान डोंगराकडे असायचा. पण पाणीच नव्हतं तर हाळी कुठून येणार? जाऊ मुद्दाम करते असं मी मनाशी घोकत होते, आणि मला पक्कं माहीत होतं की ती मुद्दाम करत नाही. हे माहीत असणं जास्त वाईट होतं. शेवटी एका संध्याकाळी मी पदर खोचला आणि तिच्या दारात गेले. मुलीच्या लग्नाला जे केलं नव्हतं ते मी आता करत होते, आणि हे दोघींच्याही डोक्यात होतं. जाऊ उंबऱ्यावर बसून सुपात वरई पाखडत होती. तिने मान वर केली, पण ये, बस काही म्हणाली नाही.

“माझं भात निसवतंय,” मी म्हणाले.

“मंग माझं काय झोपलंय?”

“धार समदी तुमच्यात जातीय.”

“जातीय आन जिरतीय. नळीत बगून ये जा. परवापासून सोडतीया, तळाला ओल न्हाई.” तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता हळदीचं काढणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती म्हणाली, “दोनात वाटलं तर दोनी जातील. समदं पाणी तुझ्यात घेऊ. तुझी माती धरती. भात निम्मं निम्मं.”

मला कळेचना. “आन तुमचं खाचर?”

“जाऊ दे गवताला.”

मला तिच्या मोठेपणाचा संशय आला. “झोडणी कुणाच्या खळ्यावर?”

“माझ्या.”

“का बरं? माझं खाचर, माझं खळं.”

“माझं पाणी,” ती म्हणाली. “आन माझं खळं सारवलेलं हाय. तुझ्यात उंदीर हायती.”

उंदीर होते हे खरं होतं. निम्मं म्हणजे साळ की भरडून तांदूळ, पेंढा कुणाचा, झोडायला माणसं कुणी सांगायची, यावर आम्ही दोघी दारात उभ्या राहून अंधार पडेपर्यंत भांडलो. मधे एकदा दीर बाहेर आले, बघितलं, आणि परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी चर काढला. पाणी तिच्या खाचरात न शिरता कडेकडेने सरळ माझ्यात यायला हवं होतं, आणि चराला जागा करायची तर तिच्या भाताची बांधालगतची ओळ उपटावी लागणार होती. पोटात कणीस असलेलं भात. मला वाटलं ती दीरांना सांगेल. तिने स्वतःच उपटलं, मूठमूठ धरून, मुळांसकट. मुळं हाताहातभर लांब निघत होती. तिने प्रत्येक मूठ झटकून माती परत खाचरात पाडली आणि म्हशीसाठी पेंढ्या बांधून बाजूला ठेवल्या. मी खाली फावड्याने चर ओढत होते. वर जाऊन तिला हात लावायला पाहिजे होता, पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचाच राग येत होता. म्हणून मी फावडं नको तेवढं जोरात हाणत होते. ती एकदा वरून म्हणाली, “चर काढतीस का हीर?”

पाणी आलं. भेगा मिटल्या, माती फुगली, आणि चार-पाच दिवसांत माझ्या खाचरात पाणी आरशासारखं उभं राहिलं. लोंब्या बाहेर पडल्या, वाकल्या. वरचं खाचर पांढरं पडत गेलं. सकाळी मी चराचं तोंड बघायला जायची तेव्हा तिच्या लोंब्या ताठ उभ्या दिसायच्या, वजनच नव्हतं त्यांना. ती कधी तिकडे बघताना मला दिसली नाही. ती माझ्या खाचराच्या बांधावर येऊन बसायची आणि माझ्या भातातली पाखरं हाकायची, मी असताना आणि नसतानाही. मला ते आवडायचं नाही. निम्मं तिचं होतं, त्यामुळे काही म्हणता यायचं नाही.

साहेबांची माणसं पेट्या घालून हवा नेत राहिली, दोन्हीकडची.

दिवाळीच्या तोंडाशी कापणी झाली. झोडणी तिच्या खळ्यावर झाली, तिने ठरवल्याप्रमाणे. मी पाटी भरायची, एक तिच्या ढिगावर आणि एक माझ्या. “तुझी दाबून भरतीस,” ती म्हणाली. मग ती भरायला लागली आणि मी तेच म्हणाले. शेवटी दीरांनी उठून पाटी हातात घेतली. मला वाटतं, त्या वर्षातलं त्यांचं तेवढंच काम. घरी नेलेलं भात नेहमीच्या निम्मं होतं. उन्हाळ्यात विकतचा तांदूळ आणावा लागणार हे दोन्ही घरांना कळलं होतं, पण दोन्ही घरांत चूल पेटत होती.

थंडीत साहेबांचा निरोप आला. जुन्नरला कार्यक्रम आहे, जावेचा सत्कार आहे, आणि मीही यावं. मी जायचं नाही असं ठरवलं आणि गेले, कारण न गेल्यावर तिकडे काय झालं ते मला कुणी नीट सांगितलं नसतं.

सभागृहात आंबेगावकडचे पण शेतकरी आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत होते. साहेबांनी सांगितलं की सगळ्या गावांत सर्वांत कमी वायू एका खाचरातून निघाला, आणि ते कुणाचं, तर माझ्या जावेचं. टाळ्या. मग पडद्यावर दोन खांब उभे राहिले. एक बुटका, हिरवा. दुसरा छताला टेकलेला, लाल. लाल खांबाखाली लिहिलं होतं, ‘शेजारील पारंपरिक खाचर.’ नाव नव्हतं, पण आमच्या गावचे चारजण माझ्याकडे वळून बघायला लागले. तिकडे जावेच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. ती स्टेजवरच्या खुर्चीत बसली. जिच्या खाचरात म्हशीपुरतं गवत झालं ती वर बसली होती, आणि जिच्या खाचरावर दोन घरं जेवली तिचा लाल खांब झाला होता.

मी उभी राहिले. माझा आवाज हाळीच्या सवयीचा आहे, माईक लागत नाही. “साहेब, त्या हिरव्या खाचरात भात किती पिकलं, ते बी दाखवा की!”

साहेब थोडे गडबडले. म्हणाले, पावसाने ओढ दिल्यामुळे यंदाचं उत्पादन अपवाद म्हणून वेगळं ठेवलं आहे, आणि पद्धत चुकीची नाही. मी म्हणाले, पद्धत चुकीची आहे असं मी म्हणतच नाही. “बाईंनी यंदा कुनाचं भात खाल्लं, एवढंच इचारा त्यान्ला. तितं बसल्यात, इचारा!”

सगळ्या माना स्टेजकडे वळल्या. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी चार माणसांत मी तिला धरलं होतं, शालीसकट. ती आता उलट बोलणार आणि मी आणखी बोलणार, याची मी तयारी ठेवली होती. कुणीतरी तिच्यापुढे माईक धरला. तिला तो कसा धरायचा कळेना, तिने तो नारळाशेजारी मांडीवर ठेवला आणि तशीच बोलली.

“हिचंच खाल्लं,” ती म्हणाली.

मग साहेबांकडे वळून तिने लाल खांबाकडे बोट केलं. “त्यो मोठा खांब हाय न्हवं, त्यातला निम्मा माझ्या नावावर लिवा. भात निम्मं मी खाल्लंय.”

साहेब म्हणाले, “ताई, तसं लिहिता येत नाही. ते खाचर तुमचं नाही.”

“पाणी माझं व्हतं,” ती म्हणाली. “लिवा.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब पडद्याकडे बघत उभे राहिले आणि मी माणसांच्या मधोमध उभीच होते. तयार ठेवलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच होतं. तिला खाली ओढायला मी उठले होते, आणि तिने वर बसून माझा निम्मा दोष आपल्या अंगावर घेतला होता, मला न विचारता. मला तिचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. शेजारच्या बाईने माझा पदर ओढला, तेव्हा मी खाली बसले.